दुसऱ्यांचे पॅच तपासून करिअर होतं का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने पोस्टग्रेस या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) डेटाबेसला पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' असा शेरा घेऊन परत आला आणि तेव्हापासून ती रात्र रात्र दुसऱ्यांचेच पॅच नि बग रिपोर्ट वाचत बसते, ही असली कारकुनी करून नोकरी कोण देणार, असं तुम्ही विचारलंय.

आधी तो शेरा. ती नापास झालेली नाही हो, नकारासाठी तिथे 'रिजेक्टेड' असा वेगळा शेरा आहे, याचा अर्थ एवढाच की या फेरीत जमलं नाही, सुधारून पुढच्या फेरीत आण. पोस्टग्रेसवाले २००८ पासून कमिटफेस्ट भरवतात, महिनाभर नवीन लिहिणं जरा बाजूला ठेवून साचलेले पॅच तपासायचे, आणि त्यांची अपेक्षाच अशी असते की तुम्ही एक पॅच दिलात तर दुसऱ्याचा तेवढ्याच ताकदीचा एक तपासा. म्हणजे ती करतेय ते रीतसर काम आहे. कोड लिहिणारे ढिगाने मिळतात ताई, घोडं अडतं ते तपासणाऱ्यांपाशी.

आणि कारकुनी म्हणाल तर, कुणीतरी नुसतं 'अपडेटनंतर क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) स्लो झाली' एवढंच लिहून मोकळा होतो, मग व्हर्जन कुठलं, डेटाचं टेबल केवढं हे त्याच्याकडून काढून घ्यायचं, आपल्या मशीनवर तोच घोळ पुन्हा घडवून बघायचा आणि गिट बायसेक्ट (बदलांची यादी दरवेळी निम्मी करत बिघाड शोधणारी कमांड) लावून नेमका कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधायचं, हजार कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) असले तरी साधारण दहा टेस्टमध्ये सापडतं. कंपनीत गेल्यावर पहिलं वर्ष बहुतेक हेच करावं लागतं, कॉलेजात मात्र हे कुणी शिकवत नाही (का, ते मला आजवर कळलेलं नाही).

रेझ्युमेवर 'ओपन सोर्समध्ये योगदान' असं मोघम लिहू नका म्हणावं, त्याला काही अर्थ नसतो. दोन-तीन रिव्ह्यूंच्या लिंक द्यायच्या, जिथे तिने खरी चूक पकडली आणि लेखकाने ती दुरुस्त केली अशा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तर 'रिव्ह्यूड बाय' म्हणून तपासणाऱ्याचं नाव कमिटमध्येच कायमचं राहतं.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे, स्वतःचा पॅच तिने तसाच सोडून देऊ नये. आलेल्या प्रत्येक सूचनेला उत्तर द्यायचं, पटली नाही तर का पटली नाही ते लिहायचं आणि नवीन व्हर्जन पुढच्या कमिटफेस्टला टाकायचं. उत्तर आलं नाही म्हणून रोज आठवण करायची नाही, किमान आठवडाभर तरी थांबायचं.

झोपेचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. रात्री दोनला लिहिलेला रिव्ह्यू हमखास खडूस होतो, तेव्हा रात्री हवं तर लिहून ठेव पण पाठव सकाळी वाचून, एवढं तिला माझ्याकडून सांगा.