परदेशातली बचत पुण्यात आणायची तर बँक कोणती निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी, पुढच्या वर्षी कायमचं पुण्यात, बाणेरला फ्लॅट घेऊन झालाय, आईवडील कोथरूडला. साठवलेले युरो आणायचेत. वडील म्हणतात आपल्या नेहमीच्या सहकारी बँकेत टाक, मित्र म्हणतात जिथे एफडीला पाव टक्का जास्त तिथे टाक, आणि तुम्ही विचारताय की सगळ्यात चांगली बँक कोणती.

मी पुण्यातल्याच एका बँकेत बरीच वर्षं एनआरआय खात्यांच्या टेबलावर काढली, आता निवृत्त आहे. बँकेचं नाव सांगत नाही. तिची जाहिरातही नको आणि बदनामीही नको. माझं मत विचाराल तर व्याजदराचा तक्ता आधी बाजूला ठेवा. तुमच्यासारख्या परतणाऱ्या माणसाचे पैसे दोन जागी गळतात: युरोचे रुपये होताना, आणि तुम्ही परतल्यावर खात्याचा प्रकार बदलताना. या दोन कामांत जी बँक पक्की, ती तुमची.

पहिलं घ्या. हिशेबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू आणि तुम्ही ५०,००० युरो पाठवताय असं समजू. म्हणजे ५० लाख. मित्र म्हणतो तो पाव टक्का या रकमेवर वर्षाला १२,५०० रुपये होतो. आता दोन बँकांनी त्याच दिवशी दिलेल्या विनिमय दरात युरोमागे एकच रुपयाचा फरक असेल, तर एका फटक्यात ५०,००० रुपये इकडचे तिकडे. चार वर्षांचा पाव टक्का पहिल्याच दिवशी गेला. आणि एक रुपयाचा फरक ही काही फार मोठी गोष्ट नाही हो, रोजच्या व्यवहारात सहज दिसतो.

त्यामुळे बँकेला विचारायचं ते 'आजचा टीटी बाइंग रेट काय?' बाहेरून तारेने आलेलं परकीय चलन बँक ज्या दराने विकत घेते तो हा दर. वेबसाइटवर लावलेला असतो तो कार्ड रेट, म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकाचा. रक्कम मोठी असली की शाखेतून ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या चलन खरेदी-विक्रीच्या विभागाला, फोन जातो आणि वेगळा दर मिळतो. पण तो मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही. 'डील रेट मिळेल का' एवढंच विचारा. ज्या शाखेतल्या माणसाला हा शब्द समजला नाही, तिथे मोठी रक्कम पाठवू नका. दोन बँकांची तुलना करायची तर दोघांना एकाच वेळी विचारा, कारण सकाळचा दर आणि दुपारचा दर वेगळा. जर्मनीतून युरोच पाठवा. तिथली बँक 'आम्हीच रुपये करून पाठवतो' म्हणाली तर नको म्हणा. वाइजसारख्या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांचा दर बाजारभावाच्या जवळ असतो आणि फी वेगळी दाखवतात, त्यामुळे लहान रकमांना त्या बऱ्या. फक्त पैसे एनआरई खात्यात (अनिवासी माणसाचं, बाहेरच्या कमाईसाठीचं रुपयातलं खातं) परदेशातून आलेली रक्कम म्हणूनच जमा होताहेत ना आणि तसा कागद मिळतोय ना, एवढं आधी बघा. चलन बदलताना जीएसटी लागतो त्याची धास्ती घेऊ नका. नेहमीच्या सूत्राने ५० लाखांवर तो १,७१० रुपये होतो.

आधी पाच-सातशे युरो पाठवून बघा. मधल्या बँकेने किती कापले, इथे किती पोचले, किती दिवस लागले, सगळं कळतं. पैसे आल्याचं जे पत्र बँक देते ते जपून ठेवा. उद्या मोठी रक्कम कुठून आली असं आयकर खात्याने विचारलं तर तोच कागद कामी येतो.

आता दुसरं, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक इथेच फसतात. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, हे सगळ्यांना पाठ असतं. ही सवलत ठेवीला नसून तुमच्या अनिवासी असण्याला आहे, हे मात्र काउंटरवर कोणी सांगत नाही. आज तुम्ही पाच वर्षांची एनआरई एफडी केलीत आणि पुढच्या वर्षी परतलात, तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार परतताक्षणी ते खातं निवासी करून घ्यायचं असतं, आणि त्यापुढचं व्याज करपात्र. मुदत संपेपर्यंत करमुक्तच राहील असं समजून बसलेले कितीतरी लोक मी टेबलासमोर बघितलेत. वर एक वर्षाच्या आत मोडलीत तर व्याज शून्य. आणि हेही लक्षात घ्या की जर्मनीत रहिवासी आहात तोवर तिथे जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. इथे करमुक्त म्हणजे तिकडेही करमुक्त असं नाही. तिथल्या कर सल्लागाराला विचारा.

एफसीएनआर ठेवीचं गणित वेगळं. ती परकीय चलनातच राहते, मुदत एक ते पाच वर्षं, आणि विनिमय दराची जोखीम बँकेकडे. परतल्यावरही ती ठरलेल्या व्याजाने मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. तुम्ही अकरा वर्षं बाहेर, त्यामुळे परतल्यावर पहिली दोन, कधी तीन वर्षं आयकर तुम्हाला 'निवासी पण सर्वसाधारण निवासी नव्हे' अशा मधल्या वर्गात धरेल. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला माणूस या वर्गात बसतो. त्या काळात एफसीएनआरचं व्याज करमुक्तच राहतं, एनआरईचं राहत नाही. मुदत संपली की ते युरो आरएफसी खात्यात टाकता येतात. परत आलेल्या माणसांसाठीचं परकीय चलनातलं खातं ते. मधल्या वर्गात असेपर्यंत त्याचंही व्याज करमुक्त, आणि पुन्हा बाहेर जायची वेळ आली तर पैसे तसेच बाहेर नेता येतात. हेच पैसे आधी एनआरईत रुपये करून ठेवले आणि मग आरएफसीत न्यायचे म्हटलं, तर दोनदा चलन बदलायचा भुर्दंड. युरोवर व्याज रुपयापेक्षा बरंच कमी मिळेल हे खरं. म्हणून फ्लॅटच्या कामाला आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाला लागतील तेवढेच रुपये करा, उरलेलं वर्षभराच्या एफसीएनआरमध्ये ठेवा, असं मी माझ्या भाच्याला सांगितलं असतं.

बँक पारखायची माझी कसोटी यातूनच निघते. तुम्हाला पटतील अशा तीन बँकांच्या एनआरआय विभागांना आजच एक मेल टाका: 'मी पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय. माझ्या एफसीएनआर ठेवीचं आणि एनआरई खात्याचं तेव्हा काय होईल? आरएफसी खातं युरोमध्ये तुम्ही कुठल्या शाखेत उघडता, आणि त्यासाठी कोणते कागद लागतील?' उत्तर काय यायला हवं ते वर दिलंच आहे. 'सर, आधी खातं उघडा, मग बघू' असं उत्तर आलं, किंवा मेलऐवजी विमा पॉलिसी विकणाऱ्याचा फोन आला, तर त्या बँकेवर काट मारा. आरएफसी म्हणजे काय हेच माहीत नसलेल्या शाखा पुण्यात भरपूर आहेत, मोठमोठ्या बँकांच्यासुद्धा. परकीय चलनाचं काम बहुतेक बँका शहरातल्या मोजक्याच शाखांत करतात. घराशेजारची शाखा नुसती कागद गोळा करून पुढे पाठवते. तेव्हा गल्लीतली शाखा बघून बँक ठरवू नका.

वडिलांच्या सहकारी बँकेबद्दल. त्यांचा विश्वास मी समजू शकतो, आमची अख्खी पिढी लक्ष्मी रोडवरच्या सहकारी बँकांवर वाढली. पण एनआरई खातं प्रत्येक सहकारी बँकेला ठेवता येत नाही, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. दुसरं म्हणजे ठेव विमा. २०२० पासून तो एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखा एकत्र धरून. जर्मनीत तुम्हाला १ लाख युरोची सवय. वरच्याच दराने इथलं कवच ५,००० युरोचं. रुपी बँकेचं पुण्यात काय झालं ते वडिलांना आठवत असेलच: २०१३ पासून निर्बंध, २०२२ मध्ये परवाना रद्द. मधल्या काळात म्हातारे लोक स्वतःच्याच पैशांसाठी अर्ज करत फिरत होते. सगळ्या सहकारी बँका तशा नाहीत, उत्तम चाललेल्याही आहेत. पण आयुष्याची पुंजी आहे, तर ज्या बँका बुडणं देशाला परवडणार नाही असं रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलंय, त्या यादीतली एक घ्या. त्या यादीत स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय आहेत. नाव विचारलंत म्हणून सांगतो: मोठी रक्कम या तिघांपैकी ज्यांचं मेलला उत्तर सगळ्यात नेमकं येईल त्यांच्याकडे. आईवडिलांच्या रोजच्या खर्चासाठी हवं तर त्यांच्या घराजवळ दुसरं खातं, त्याला वडिलांची सहकारी बँकही चालेल किंवा महाबँक. महाबँकेचं मुख्यालय आपल्या शिवाजीनगरला आहे, पासबुक भरायला चालत जाता येईल अशी शाखा बहुतेक भागात सापडते, आणि सत्तरीच्या माणसाला त्याचं मोल व्याजदरापेक्षा जास्त असतं.

परदेशी बँकेचं नाव बघून भाळू नका. सिटी बँकेने इथला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय २०२३ मध्ये ॲक्सिसला विकला. रात्रीतून लोकांची बँक बदलली.

सगळे पैसे थेट वडिलांच्या खात्यात पाठवायचा मोहही टाळा. मुलाने दिलेल्या पैशावर वडिलांना कर नाही, पण ते पैसे मग कायद्याने त्यांचे झाले, व्याजही त्यांच्या उत्पन्नात, आणि उद्या तुम्हाला बाहेर न्यायचे तर रस्ता लांबचा. त्यापेक्षा तुमच्या एनआरई खात्यावर वडिलांना मॅंडेट, म्हणजे खातं चालवायचा अधिकार, द्या, इथली देणी ते भागवू शकतील.

तुमचं कॉलेजच्या वेळचं एखादं बचत खातं अजून चालू असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. सगळ्यांचं असतं. परदेशी स्थायिक झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं आणि कोणी करत नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडंही साधारणपणे एनआरओतच घेतात. त्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, म्हणून त्यात गरजेपुरतंच ठेवा. आता वर्षच राहिलंय म्हणून सोडून देऊ नका, कारण नवीन एनआरई खातं उघडताना तीच बँक पॅनवरून जुनं खातं शोधून काढते आणि तुमचा अर्ज अडकतो.

अर्ज अडकायचं दुसरं कारण सही. बारावीत असताना खात्यावर मराठीत पूर्ण नाव लिहून सही केलेली, पासपोर्टवर इंग्रजीत एक वळसा. फॉर्म श्टुटगार्टहून येतो, इथे सही जुळत नाही, परत जातो. माझ्या टेबलावर अशा पाकिटांचा गठ्ठा कायम असायचा, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांच्या आया फोटोकॉपींची पिशवी घेऊन समोर बसलेल्या असायच्या, 'अहो, सही त्याचीच आहे, मी ओळखते ना' म्हणत. त्यांचा इलाज नव्हता आणि माझाही. येत्या सुट्टीत पुण्यात याल तेव्हा स्वतः शाखेत जाऊन सही बदलून घ्या, नवा फोटो आणि ओव्हरसीज पत्ता द्या, आणि मोबाइल नंबर जर्मनीचा लावून घ्या. बंद पडलेल्या भारतीय सिमवर ओटीपी जात राहिला तर सगळी नेटबँकिंगची सोय असून नसल्यासारखी. बँक जर्मन नंबरवर ओटीपी पाठवते का, हेही त्या मेलमध्येच विचारा. यूपीआयवर विसंबू नका. २०२३ च्या सुरुवातीला ते ज्या दहा देशांच्या नंबरांना खुलं झालं, त्यांत जर्मनीचं नाव नव्हतं.

शेवटी एक. सगळं आणलंच पाहिजे असं बंधन नाही. अनिवासी असताना बाहेर कमावलेले पैसे परतल्यावरही बाहेर ठेवायला फेमा परवानगी देतो. पूर्ण निवासी झालात की आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात, आणि त्यावरचं व्याजही इथे करपात्र होतं. तेव्हा तिथलं खातं निघायच्या दिवशी बंद करून येऊ नका. घरमालकाकडची अनामत तिकडे महिनोन्‌महिने अडकते आणि शेवटच्या वर्षाचा कर परतावा त्याहून उशिरा येतो. हे दोन्ही पैसे जर्मन खात्यात जमा होणं सगळ्यात सोपं. फक्त परदेशी पत्त्यावर ते खातं चालू ठेवतात का, हे तिथल्या बँकेला निघण्याआधी लेखी विचारून घ्या.