सोपं झालं की थोडं अवघड कर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

थेरपिस्ट म्हणून न्यूरो वॉर्डात, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात, रुजू झाल्यापासून तुला एक प्रश्न छळतोय, असं तू लिहिलंस. पक्षाघातात मेंदूच्या ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत, मग लुळा पडलेला हात रोज हलवून घेऊन आपण नेमकं काय करतो? फार बरं वाटलं वाचून. हा प्रश्न स्वतःला न विचारता वर्षानुवर्षं व्यायाम करून घेणारे लोक मी पाहिलेत, आणि त्याची किंमत पेशंट मोजतात.

आधी एक गोष्ट मान्य करू. पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा दिसते, तिचं सगळं श्रेय आपलं नसतं. सूज उतरते. रक्तपुरवठा अपुरा पडल्यामुळे बंद पडलेल्या, पण जिवंत राहिलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. इजेच्या जागेशी जोडलेले लांबचे भागही काही काळ मंदावलेले असतात, तेही सावरतात. याच काळात शाबूत पेशी नव्या जोडण्या करत असतात, जुन्या जोडण्या बळकट करत असतात. कोणत्या जोडण्या टिकतील हे बऱ्याच अंशी वापरावर ठरतं, आणि आपलं काम इथे आहे.

मेंदूचे अभ्यासक रँडॉल्फ नूडो यांचे 1996 सालचे माकडांवरचे प्रयोग शोधून वाच. हाताची हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या भागात त्यांनी छोटीशी इजा केली. ज्या माकडांना सराव मिळाला नाही, त्यांच्यात इजेच्या शेजारचा शाबूत भागसुद्धा बोटांचं काम सोडत गेला. ज्यांना अरुंद खळग्यांतून बोटांनी खाऊ काढायला लावलं, त्यांच्यात तो भाग टिकला. काहींमध्ये तर पूर्वी कोपर आणि खांदा हलवणारी जागाही बोटांचं काम करू लागली.

हा प्रयोग सगळे सांगतात. याच गटाचा 2000 सालचा प्रयोग मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. त्यात निरोगी माकडांना मोठ्या, सोप्या खळग्यातून खाऊ काढायचा होता. त्यांनी तो हजारो वेळा काढला. मेंदूतली कोणती जागा हाताचा कोणता भाग हलवते, त्या नकाशात मात्र म्हणावा असा बदल झाला नाही. हालचाल भरपूर होती, पण शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुझ्या वॉर्डात हे कसं दिसतं, सांगते. पेशंट पेला उचलून ठेवतोय, दहापैकी दहा वेळा जमतंय, तू कौतुक करतेस आणि उद्या पुन्हा तेच. तिथे थांब. पेल्यात पाणी भर. तो थोडा लांब, थोडा उंच ठेव. पेल्याऐवजी सुटी नाणी दे, बाटलीचं झाकण दे. काही वेळा चुकलं पाहिजे, आणि प्रयत्न केला तर जमेल असंही वाटलं पाहिजे. एकदाही जमत नसेल तर तू फार पुढे गेलीस, मागे ये. ही जागा प्रत्येकाची वेगळी असते, दर आठवड्याला बदलते, आणि ती ओळखणं हेच आपल्या कामातलं सर्वांत मोठं कौशल्य आहे, असं माझं मत आहे.

अवघड हवं, तसं पुष्कळही हवं. 2009 मध्ये संशोधक कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी थेरपीची सत्रं बसून मोजली. हाताने एखादं काम करण्याचा सराव एका सत्रात सरासरी 32 वेळाच होत होता. प्राण्यांच्या प्रयोगांत हा आकडा काही शेकड्यांत असतो. तुझी सत्रंही एकदा मोजून बघ.

पण सत्र संपल्यावर काय होतं, याची मला जास्त काळजी वाटते. संशोधक एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या, तेव्हा तो हात हलू शकत असूनही माकडं तो वापरेनाशी झाली. चांगला हात बांधून ठेवल्यावर तो वापरू लागली. त्यातूनच पेशंटच्या चांगल्या हाताला, तो वापरता येऊ नये म्हणून, हातमोजा घालून दोन आठवडे कसून सराव करून घेण्याची पद्धत आली. पक्षाघाताला 3 ते 9 महिने झालेल्या 222 पेशंटवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला. निकाल 2006 मध्ये आले. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येत असतील, तरच ही पद्धत वापरायची, हे विसरू नकोस.

म्हणून घरच्यांशी बोल. ते प्रेमापोटी बटणं लावून देतात, घास भरवतात, आणि तो हात दिवसभर मांडीवर पडून राहतो. त्यांना दोष देऊ नकोस. कोणतं एक काम पेशंटने स्वतः करायचं, ते त्यांच्यासोबत बसून ठरव.

मेंदू चांगलं-वाईट निवडून शिकत नाही, हेही लक्षात असू दे. खांदा उचलून, धड पुढे झुकवून वस्तू गाठायची सवय लागली की तीही पक्की होते. काही वादकांची बोटं अतिसरावाने आपोआप वळू लागतात, तेही मेंदूच्या याच गुणामुळे. आणि जास्त म्हणजे नेहमी चांगलं, असंही नाही. पक्षाघातानंतर पहिल्या 24 तासांतच पेशंटला वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणातून उठवलं, तर तीन महिन्यांनी परिणाम उलट थोडा वाईट दिसतो, असं 2015 च्या एका मोठ्या चाचणीत आढळलं. तुझ्या उत्साहाला तिथे आवर घाल.

“हात पूर्वीसारखा होईल का?” असं पेशंट विचारतील. हो म्हणू नकोस. “सहा महिने झाले, आता काही होणार नाही” असंही म्हणू नकोस. वेग मंदावतो, पण त्यानंतरही लोक नवी कामं शिकतात. पुढे काय जमवता येईल असं तुला खरोखर वाटतं, तेवढंच सांग.

तू ज्या आजींबद्दल लिहिलंस, त्यांचे व्यायाम मला पुन्हा कळवू नकोस. उजवा हात त्यांनी दिवसभरात आपणहून कशाकशासाठी वापरला, ते पुढच्या पत्रात लिही.

कळावे,
तुझी ताई