'नुसतं' कम्युनिटी कॉलेज?

अरे बाळा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं असतं तर बोलणी खाल्ली असतीस म्हणून दोन दिवस थांबलो. "काका, असिस्टंट कोचचं काम मिळालं, पण नुसतं कम्युनिटी कॉलेज आहे, आईला अजून सांगितलं नाही." जळगावात सॉफ्टबॉल खेळत वाढलेला पोरगा टेक्सासात येऊन बेसबॉलचा कोच होतोय आणि त्याला आईला सांगायची लाज वाटते, कमाल आहे.

तुला बेसबॉलचा कोच वेन ग्रॅहम माहीत आहे का? नसणारच, तुमच्या पिढीला यूट्यूबवर ज्याचे रील्स नाहीत तो माणूस झालाच नाही असं वाटतं. १९३६चा जन्म. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये खेळला, पण किती, तर ३० सामने. १९६३ला फिलाडेल्फियाकडून थोडे, १९६४ला न्यूयॉर्क मेट्सकडून थोडे, आणि ते मेट्स म्हणजे त्या वर्षी १०९ सामने हरलेली टीम, तिथेही याची जागा पक्की नाही. बॅटिंग ॲव्हरेज .१२७, आठ वेळा बॅट घेतली तर जेमतेम एक हिट, म्हणजे खेळाडू म्हणून विषय संपला. (आपले आचरेकर सर आठव, एकच फर्स्ट क्लास मॅच, तीही त्याच १९६३-६४च्या सीझनची. पुढे स्टंपवर रुपया ठेवून त्यांनी कोणाकोणाला घडवलं ते तुला सांगायला नको.)

मग हा ग्रॅहम ह्यूस्टनमध्ये हायस्कूलच्या पोरांना शिकवत बसला, बरीच वर्षं. सॅन जसिंटो कॉलेजात गेला तेव्हा पंचेचाळिशीला टेकला होता. ह्यूस्टनच्या पूर्वेला, रिफायनऱ्यांच्या पट्ट्यातलं दोन वर्षांचं कॉलेज, तू ज्याला 'नुसतं' म्हणतोस अगदी तसलं. १९८१ ते १९९१, अकरा सीझन, ६७५ जिंकले आणि ११३ हरले. ज्यूकोची, म्हणजे अशाच दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची, नॅशनल चॅम्पियनशिप १९८५, ८६, ८७, ८९ आणि ९०, सहा वर्षांत पाच वेळा. १९८८ तेवढं हुकलं.

आता हे कसं होतं ते नीट समजून घे, कारण तुझं काम यातच आहे. तुझ्याकडे पोरगा फार तर दोन वर्षं असतो. दर मे महिन्यात अर्धी टीम निघून जाते आणि ऑगस्टमध्ये नवीन चेहरे समोर उभे. मोठ्या युनिव्हर्सिटीतला कोच म्हणू शकतो की हा अजून कच्चा आहे, तिसऱ्या वर्षी बघू, तुला ते म्हणता येत नाही. वर ज्यूकोच्या पोराला ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात ते) दरवर्षी उचलता येतं, चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तिसरं वर्ष संपेपर्यंत नाहीतर एकवीस पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे चांगला पोरगा पहिल्याच वर्षानंतर हातातून जाऊ शकतो. जो शिकवतोस तो जाणारच आहे हे धरूनच शिकवायचं. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची एकच गोष्ट पकड, दहा नको. कोणाचा पुढचा पाय उघडतोय, कोण रनर बेसवर आला की घाबरून हळू टाकतो, तेवढंच.

पिचर (बॉल टाकणारा) रॉजर क्लेमेन्स १९८१ला, ग्रॅहमच्या पहिल्याच सीझनला सॅन जसिंटोत होता. एक वर्ष, बस. ९ जिंकले, २ हरले आणि गेला टेक्सास युनिव्हर्सिटीत. पुढे मेजर लीगमध्ये ३५४ विजय. अँडी पेटिट, हाही पिचर, तो तर ड्राफ्टमध्ये पार २२व्या राउंडचा पिक, यांकीजने १९९०ला नाव घेतलं पण सही लगेच झाली नाही, वर्षभर सॅन जसिंटोत खेळला आणि १९९१च्या मे मध्ये सही केली, पुढे २५६ विजय. दोघंही ग्रॅहमकडे एकेकच वर्ष होते रे! अल्बर्ट पुहोल्स, एवढा मोठा बॅटर, तो पण कॅन्सस सिटीच्या एका कम्युनिटी कॉलेजातून १३व्या राउंडला गेला. ज्यांना कोणी पहिल्या फटक्यात घेतलं नाही अशीच पोरं तुझ्याकडे येणार, आणि तीही स्वतःबद्दल 'नुसतं'च म्हणत असणार, तूही तेच म्हणायला लागलास तर त्यांनी बघायचं कोणाकडे?

बाकी कामाचं म्हणशील तर पिचिंग माउंडची माती तूच दाबणार, पाऊस आला की ताडपत्री तूच ओढणार, व्हॅन बहुतेक तूच चालवणार. छप्पन्न मॅचेसपर्यंत सीझन असतो, घरी जेवायला कधी पोचशील सांगता येत नाही. हे सगळं करशील तू, त्याची काळजी नाही. ज्याकडे नवीन कोच दुर्लक्ष करतात ते म्हणजे मार्कशीट. पोरगा बारा क्रेडिटच्या खाली घसरला की फुल टाइम राहत नाही, खेळणं बंद, आणि पास झाला पण पुढच्या कॉलेजात ते क्रेडिट धरले नाहीत तर दोन वर्षं पाण्यात. पोरांच्या सल्लागार बाईंशी ओळख करून घे, डोनट घेऊन जा.

राहता राहिलं, मोठी जागा कधी मिळणार. ग्रॅहमला राईस युनिव्हर्सिटी मिळाली तेव्हा तो ५५ वर्षांचा होता, १९९२चा पहिला सीझन. २००३ला ओमाहात फायनलला स्टॅनफर्डला १४-२ने हरवून नॅशनल चॅम्पियन, राईसचं कुठल्याही टीम स्पोर्टमधलं पहिलं विजेतेपद, आणि हा ६७ वर्षांचा. तू पंचविशीत घाई करतोयस.

पण त्याचं सगळंच डोक्यावर घेऊ नकोस. त्या चॅम्पियन टीमचे तीन पिचर, नीमन, हंबर आणि टाउनसेंड, २००४च्या ड्राफ्टमध्ये तिघंही पहिल्या आठात गेले, आणि पुढे तिघांच्याही हातावर ऑपरेशन झालं. फार टाकून घेतलं असं लोक बोलले. खरं-खोटं त्यांना माहीत, पण तू मात्र पोराने किती पिच टाकले ते वहीत मोज, बुलपेनमधले (वॉर्म-अपचे) सुद्धा, आणि हेड कोच रागावला तरी आकडा खाली करू नकोस. एकोणीस वर्षांचा पोरगा स्वतःहून कधीच म्हणणार नाही की खांदा दुखतोय.

२०१८ला राईसने त्याचा करार वाढवला नाही, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. २०२४ला गेला.

आईला आज फोन कर. 'कम्युनिटी कॉलेज' म्हटलं तर तिला कळणार नाही, तू म्हण की कॉलेजात सर झालो, ती तासाभरात अख्ख्या जळगावला सांगेल. आणि फेब्रुवारीतली पहिली होम मॅच कधी आहे ते कळव, मी घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन येतो, तुमच्या तिथली कॉफी मला सोसत नाही.

काका