आवारात कोंबड्या पाळायला बंदी असेल, तर दोन-तीन कोंबड्या फ्लॅटमध्ये ठेवता येतील का?

सहसा नाही, बंदी बहुतेक वेळा पालिकेच्या अख्ख्या हद्दीत कोंबडी पाळण्यावरच असते, त्यामुळे बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये ठेवली तरी सुटका नाही. नियमाची नेमकी भाषा आणि परवान्याची सोय आहे का, हे पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विचारा. सोसायटीची परवानगी हा वेगळाच जांगडगुत्ता.

नियम बाजूला ठेवला तरी, घरी गावठी कोंबड्या कायम असल्यामुळे सांगतो, बंद खोलीत त्यांचं नीट होत नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते. खाली तूस अंथरला तरी तो ओलावतो आणि अमोनिया सुटतो. मूठभर तूस दाबून बघा, गोळा झाला की बदलायची वेळ झाली. त्याहून वैताग धुळीचा: पिसांचा पांढरा कोंडा पंख्याच्या पात्यांवर, गादीवर, सगळीकडे बसतो. घरात दम्याचा माणूस असेल तर विषयच संपला. शिवाय भरपूर अंड्यांसाठी रोज १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि मातीत लोळायला मिळालं नाही तर अंगावर उवा-गोचीड वाढतात.

अपवाद पिल्लांचा. पाळायची मुभा आहे तिथे पहिले चार-पाच आठवडे ती घरात, बल्बखाली ठेवतात. पहिल्या आठवड्यात ऊब सुमारे ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

फक्त अंडीच हवी असतील तर हद्दीबाहेरच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे कोंबड्या ठेवा आणि खाद्याचे पैसे तुम्ही द्या.