रात्री तोंड उघडं राहतं. जीभ टाळूला लावून ठेवली तर जबडा सुधारतो का?

वय 23, लहानपणापासून तोंड उघडं टाकून झोपता, घरचे त्याला ‘घाणेरडी सवय’ म्हणतात. आता व्हिडिओ बघून दिवसभर जीभ टाळूला चिकटवताय आणि रात्री ओठांवर चिकटपट्टी लावायचं मनात आहे. एवढं सगळं लिहिलंत, पण नाकातून हवा नीट जाते की नाही, याबद्दल एक ओळ नाही. हे वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरात नेमका यावरूनच काही वर्षं वाद चालला होता.

माझा मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना त्याचं तोंड सतत उघडं असायचं. माझे मोठे दीर त्याला येता-जाता टोकायचे, ‘तोंड मिट.’ चार लोकांत हनुवटीखाली बोट घालून त्याचा जबडा वर ढकलायचे. पोरगा निमूट तोंड मिटायचा. मग दोन-चार श्वासांतच नाकपुड्या आत ओढल्या जायच्या, खांदे वर उचलले जायचे आणि ओठ परत उघडायचे. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. सांगितल्याबरोबर मिटतो आणि धाप लागल्यावर उघडतो, तो पोरगा आळशी कसा? मी तेव्हाही हेच म्हणत होते. भाऊजींचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘लाडावून ठेवलाय.’

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो ते हिरड्या सुजल्या म्हणून. त्या बाईंनी त्याचा ओठ वर करून मला जवळ बोलावलं. वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी लालभडक, चकचकीत. जिथपर्यंत ओठ झाकत होता तिथे मात्र स्वच्छ गुलाबी, मध्ये रेघ मारल्यासारखी. मागे दाढांकडेही सगळं ठीक होतं. ब्रश नीट होत नसता तर मागच्या हिरड्याही अशाच दिसल्या असत्या. जेवढा भाग हवेला उघडा होता तेवढाच सुकून सुजला होता. झोपेत लाळ तशीही कमी होते, त्यात तोंड उघडं असेल तर उरलीसुरली वाळून जाते. दातांवरचं आम्ल निवळवायचं काम लाळेचं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळायला लागतं. त्यामुळे सकाळची दुर्गंधी, किडके दात, हिरड्यांतून रक्त हे सगळं एकाच कारणाने होऊ शकतं. बाईंनी पुढे टाळूही दाखवला. अरुंद आणि खोल. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. त्या म्हणाल्या, तारांचं नंतर बघू, आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

तिथे डॉक्टरांनी स्टीलची जीभ दाबायची पट्टी आडवी धरून नाकाखाली नेली आणि ‘नाकाने श्वास सोड’ म्हणाले. एका नाकपुडीखाली वाफेचा छोटासा ठिपका उमटला, दुसरीखाली जवळजवळ काहीच नाही. भाऊजी तेव्हा बरोबर असायला हवे होते, असं मला आजही वाटतं. मानेचा एका बाजूने एक्स-रे काढला, त्यात नाकाच्या मागचे अडेनॉइड्स, म्हणजे तिथल्या मऊ गाठी, एवढ्या वाढलेल्या दिसल्या की हवेला जेमतेम फट उरली होती. शिवाय धुळीची अ‍ॅलर्जी. आधी बरेच आठवडे नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे, तेवढ्याने भागलं नाही म्हणून ऑपरेशन. घोरणं थांबलं, झोपेत मान मागे टाकणं थांबलं.

पण दिवसा ओठ अर्धवट उघडेच राहिले. भाऊजी लगेच म्हणाले, ‘बघ, ऑपरेशन करूनही काही उपयोग नाही. सवयच आहे.’ त्या एका वाक्यावरून आमचं कित्येक महिने धड बोलणं नव्हतं. वर्षानुवर्षं नाक बंद असलेल्या मुलाची जीभ खाली लोंबायला शिकते, ओठांचे स्नायू सैल पडतात. वाट मोकळी झाल्यावर हे राहतंच. ते मोडायला व्यायाम लागतात, आणि आम्ही ते स्पीच थेरपिस्टकडून शिकून करून घेतले. पण वाट मोकळी व्हायच्या आधी तेच व्यायाम करायला लावणं म्हणजे मुलाला छळणं. आधी नाक, मग सवय. हा क्रम उलटा करून कुणी ‘मी म्हणालोच होतो’ म्हणू नये. नंतर त्याच्या टाळूत रुंदी वाढवायचं यंत्र बसवलं, छोट्या किल्लीने त्याचा स्क्रू मी स्वतः फिरवायचे. टाळू म्हणजे नाकाचा तळ. तो रुंदावला की नाकालाही थोडी जागा मिळते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जिभेची जागा महत्त्वाची आहेच. तोंड मिटलेलं, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, बाकीची जीभ टाळूला अलगद टेकलेली, वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले. विश्रांतीची स्थिती ही. दात एका बाजूने जीभ आणि दुसऱ्या बाजूने ओठ-गाल यांच्यामध्ये उभे असतात. दिवसभरात आपण हजाराच्या आसपास वेळा गिळतो, पण तो सगळा वेळ एकत्र केला तरी पंधरा-वीस मिनिटंच भरतात. त्यामुळे गिळतानाच्या जोरापेक्षा तासन् तास राहणारा हलका दाब दातांना हलवतो. जीभ खाली पडली की वरच्या जबड्याला आतून आधार राहत नाही, गालांचा दाब मात्र चालूच असतो.

स्वीडनमध्ये लिंडर-आरॉन्सन या संशोधकांनी 1970 मध्ये अडेनॉइड्सवाल्या मुलांचे लांबट चेहरे आणि अरुंद वरचे जबडे मोजून मांडले. ऑपरेशननंतर नाकाने श्वास घेऊ लागलेल्या मुलांत सुधारणाही दाखवली. हार्वोल्ड या संशोधकांनी अमेरिकेत वाढत्या वयाच्या माकडांच्या नाकपुड्या बुजवल्या. कुणी जबडा खाली सोडला, कुणी जीभ बाहेर काढली, आणि ज्याने जसं जुळवून घेतलं तसे त्याचे दात वाकडे झाले. 1981 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या माकडांना कुणी लाडावून ठेवलं नव्हतं.

पण तुमचं वय 23. टाळूच्या मधला सांधा साधारण वयात येताना घट्ट व्हायला लागतो. जीभ कितीही दाबलीत तरी आता हाड रुंदावणार नाही. ते हवं असेल तर हाडात बसवलेल्या स्क्रूंचं यंत्र किंवा शस्त्रक्रिया, आणि तीही चेहरा छान दिसावा एवढ्यासाठी कुणी करू नये. व्हिडिओंतलं ‘म्यूइंग’, म्हणजे हेच जीभ टाळूला चिकटवणं, ज्यांच्या नावावरून आलं त्या बापलेकांपैकी माइक म्यू यांचं नाव दंतवैद्यांच्या नोंदवहीतून काढण्याचा निर्णय ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलच्या समितीने 2024 मध्ये दिला. आधीचे-नंतरचे फोटो बघून भुलू नका. हनुवटी वर केली, प्रकाश बदलला, वजन घटलं की कुणाचाही जबडा टोकदार दिसतो. जीभ मुद्दाम जोराने दाबत राहिलात तर पुढचे दात सरकू शकतात, जबड्याचा सांधा दुखू शकतो.

तरीही नाकाने श्वास घ्यायला शिकाच, चेहऱ्यासाठी नाही तर झोपेसाठी आणि दातांसाठी. नाक हवा गरम करतं, ओली करतं, गाळतं. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो आणि तो श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. जीभ-घशाच्या व्यायामांनी मोठ्यांमधला स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) सरासरी निम्म्याने कमी झाल्याचं 2015 मधल्या एका एकत्रित विश्लेषणात आलं होतं, म्हणजे हे व्यायाम थोतांड नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. त्या माकडांची नाकं पूर्ण बुजवली होती, मुलांमध्ये तसं क्वचितच असतं. लांबट चेहरा पुष्कळदा आईवडिलांकडूनच आलेला असतो. तेव्हा प्रत्येक उघड्या तोंडामागे अडेनॉइड्स शोधत बसू नका. तुमच्या वयात तर ते बहुतेक आक्रसलेलेच असतात. अ‍ॅलर्जी, नाकाचा वाकडा पडदा किंवा पॉलिप, म्हणजे नाकातली मऊ वाढ, असण्याची शक्यता जास्त. दुसरं, चिकटपट्टी. नाक तपासून घेतल्याशिवाय ती लावू नका. घोरत असाल, रात्री गुदमरून जाग येत असेल, दिवसा पेंग येत असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना जो कुणी तुम्हाला ‘सवय आहे’ म्हणतो त्यालाही बरोबर न्या, आणि नाकाखाली ती स्टीलची पट्टी धरायला सांगा.