‘लग्न झालंय का?’ला मैत्रिणीने काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : ताई, मी मुंबईत हॉस्टेलवर राहते, एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी रूममेट मिझोरामची. दोन महिने झाले तिला दोन पाळ्यांच्या मधेच ब्लीडिंग होतंय, ओटीपोटात दुखतं. जवळच्या एका क्लिनिकमध्ये गेली तर पहिलाच प्रश्न, ‘शादी हुई है क्या?’ ती नाही म्हणाली, तर काही न तपासता पेनकिलर देऊन परत पाठवलं. आता ती कुठेच यायला तयार नाही, हिंदीही तिला जेमतेम येतं. विंगमध्ये नंदुरबारकडची एक मुलगी आहे, तिलाही काहीतरी त्रास आहे पण बोलत नाही. आम्ही काय करू शकतो? वॉर्डनना सांगावं का?

उत्तर : अगं, वॉर्डनना आत्ता नको, आणि तिला विचारल्याशिवाय तर कुणालाच नको. एकदा ही गोष्ट मेसच्या टेबलावर आली की ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

आता तो प्रश्न. आपल्याकडे डॉक्टर ‘लग्न झालंय का’ विचारतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना विचारायचं असतं की शरीरसंबंध आलेत का. आपल्या मुलींना ते आपसूक कळतं, कळूनही त्या मान खाली घालून ‘नाही’ म्हणतात ते वेगळं. तुझ्या मैत्रिणीने सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं आणि गाडी तिथेच अडली. कारण मधल्या ब्लीडिंगचं कारण शोधताना प्रेग्नन्सी टेस्ट करायची का, इन्फेक्शन बघायचं का, सोनोग्राफी पोटावरून की आतून, यातलं बरंचसं त्या एका उत्तरावर ठरतं. तर तिला हे समजावून सांग आणि पूर्ण वाक्य बोलायला सांग : ‘लग्न झालेलं नाही, संबंध आलेत’ किंवा ‘आलेले नाहीत’. इंग्रजीत बोलली तरी चालेल. यातलं काय खरं ते तुला सांगायची तिला गरज नाही, तू विचारूही नकोस. दारापर्यंत जा, आत तिने बोलावलं तरच.

जाण्याआधी रात्री दोघींनी बसून एक कागद करा, तिला जमेल त्या भाषेत. शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली (डॉक्टर ‘एलएमपी’ म्हणतात ते हेच, पाळीचा पहिला दिवस), मधे कधी कधी रक्त गेलं, दुखतं ते कुठे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. इमर्जन्सी गोळी (संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात ती) घेतली असेल तर तीही लिहायची, तिनेसुद्धा मधे ब्लीडिंग होऊ शकतं. ओपीडीत एकाच खोलीत चार-चार पेशंट असतात, पलीकडच्या बाकावरची बाई सगळं ऐकत असते, अशा वेळी कागद पुढे केला की निम्मं काम होतं. लेडी डॉक्टर मागायची, एकटीशी बोलायचंय म्हणायचं, आतली तपासणी नको असेल तर नाही म्हणायचं, हा तिचा हक्क आहे.

केईएम, सायन, नायर, कूपर सगळीकडे स्त्रीरोग ओपीडी आहे, सीएसएमटीजवळचं कामा हॉस्पिटल तर १८८६ पासून बायका-मुलांसाठीच आहे. पण चक्कर, एका बाजूला जोरात दुखणं, तासाभरात पॅड भरणं, ताप, यातलं काही झालं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

प्रेग्नन्सी निघालीच तर घाबरून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. गर्भपाताचा कायदा १९७१चा आहे, २०२१च्या दुरुस्तीत नवऱ्याच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला. कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वयाची १८ वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तिची, आईवडिलांची लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहितेलाही आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. हे तिला आधीच सांगून ठेव, घरी कळेल याच भीतीने मुली आठवडे घालवतात आणि मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

नंदुरबारच्या मुलीला पुन्हा पुन्हा ‘काय होतंय’ विचारू नका. कदाचित तिच्या घरची बोली वेगळी असेल, तिच्याकडे त्यासाठी मराठी शब्दच नसेल. आपल्याकडे तरी काय, कुणी ‘एमसी’ म्हणतं, कुणाची आजी ‘कावळा शिवला’ म्हणते, पांढरं जाण्याला ‘अंगावरून जातं’ म्हणतात, बाहेरच्याला यातलं काय कळणार. तिच्या घरी याला काय म्हणतात ते विचार, तोच शब्द तूही वापर. आणि रूममेटसोबत ओपीडीला जाल त्या दिवशी तिलाही ‘सोबत येतेस का’ एवढंच म्हण. आली तर केसपेपरच्या लायनीत दोन तास शेजारी उभं राहायचंच आहे, बोलायचं असेल तर तिथे बोलेल.