दाखला, हजेरी आणि "तिकडे असं काही नसतंच"

"डॅलसहून नाशिकला परत येऊन दोन महिने झाले. सहावीतली मुलगी शाळेतून आल्यावर बोलतच नाही. शाळा म्हणते अमेरिकेतला दाखला आणा. मराठीची शिकवणी लावावी का?" एवढंच तुम्ही विचारलंय, पण ते वाचून मला २०२२ चा जुलै आठवला. गाव वेगळं, बाकी सगळं तेच. आम्ही अकरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला होतो. जूनच्या शेवटी पुण्यात आलो तेव्हा मुलगी पाचवी संपवून आलेली, धाकटा पहिलीत जायचा.

आधीच सांगते, मी वकील नाही, शिक्षण खात्यात माझं कोणी नाही, आणि ही तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नियम बदलले असतील तर शाळेत विचारून खात्री करा. पॅकिंग, शिपिंग, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) हे तुम्ही केलेलंच असणार, त्यावर लिहीत नाही.

शिकवणीचं नंतर बघू. आधी एक पाहा: मुलीचं नाव हजेरीपटावर आहे का? शाळेत जाते का, ते नाही विचारत. रोज सकाळी बाई जी नावं घेतात त्यात तिचं नाव येतं का? आमच्या मुलीचं सात आठवडे येत नव्हतं, आणि हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. तोवर मीही "मराठी कमी पडतंय बिचारीला" असंच सगळ्यांना सांगत होते.

झालं ते असं. घराजवळची अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. नवरा त्याच शाळेत शिकलेला. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "बसू दे वर्गात, कागद मागाहून करू." फक्त परदेशातून आलेली मुलगी म्हणून वरच्या कार्यालयाची परवानगी घेऊन या, एवढंच. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या टेबलामागच्या माणसाने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "एलसी?" म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला.

इथे माझी चूक झाली, आणि सगळ्यात महाग तीच पडली. मी ताठ मानेने म्हणाले, "तिकडे असं काही नसतंच." खरंच नसतं. अमेरिकेतली सरकारी शाळा नाव काढल्याची नोंद करते, प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाचा कागद हातात देते, संपलं. जनरल रजिस्टर नंबर, जात-धर्म, अक्षरी जन्मतारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण असला आडवा कागद तिकडे कोणी पाहिलेलाही नसतो. मला वाटलं मी माहिती देतेय. त्याने मान डोलावली आणि आमच्या अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिलं: "पालकांकडे दाखला उपलब्ध नाही."

त्या क्षणापासून आमच्याकडे दाखला 'नव्हता'. अर्ज पुढच्या टेबलावर गेला की तिथला माणूस आधी ती लाल ओळ वाचायचा. एकाने सांगितलं, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणा. परराज्यातल्या दाखल्याला ती लागते हे खरं, पण एडिसनमध्ये शिक्षणाधिकारी कुठून आणू? दुसऱ्याने समकक्षता प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे तिकडची इयत्ता इथल्या इयत्तेच्या बरोबरीची असल्याचा कागद. पाचवीचं! दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज तेव्हा समकक्षता द्यायची ती दहावी-बारावी आणि त्यापुढच्या परीक्षांची. हे त्याला समजावण्यात एक अख्खा आठवडा गेला. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब आहेत पण टिपणी वर गेलेली नाही. आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा नंबर) मागितला तर म्हणे "मॅडम, इथे विश्वासावर काम चालतं." (तुम्ही मात्र आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच म्हणून झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. माझा पहिला अर्ज चक्क सापडेनासा झाला होता.)

इकडे लेक रोज शाळेत जात होती. वर्गात बाकावर बसायची, डबा खायची, आणि हजेरीच्या वेळी गप्प राहायची. पटावर नाव नाही म्हणून पाठ्यपुस्तकांचा संच नाही, घटक चाचणीचा पेपर मिळायचा पण गुण कुठे चढायचे नाहीत. शेजारच्या मुलीने तिला सरळ विचारलं होतं, "तू पाहुणी आहेस का?" हे तिने घरी सांगितलंच नाही. आजीला सांगितलं, तेही रात्री दिवे घालवल्यावर.

सुटका कशी झाली ते सांगते. नवीन काही मिळालं नाही, जे होतं त्यालाच 'दाखला' म्हणायला लागलो. मुलीच्या जुन्या शाळेला मेल केलं तर सुट्टीचं आपोआप उत्तर. शेवटी तिथली मैत्रीण प्रत्यक्ष गेली. मी मसुदा करून दिला होता, तोच त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर छापला. वर ठळक 'ट्रान्सफर सर्टिफिकेट', खाली नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शेवटचा दिवस, उत्तीर्ण इयत्ता, वर्तणूक. प्रिन्सिपलनी नोटरीसमोर सही केली आणि तो कागद न्यू जर्सीच्या राजधानीतून, ट्रेंटनहून, अपोस्टिल होऊन आला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का बसून आला. न्यू जर्सीत हे काम राज्याचं ट्रेझरी खातं करतं. तुमच्यासाठी टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस, ऑस्टिनला. मुलीचा जन्म तिथलाच असेल तर जन्मदाखल्यालाही अपोस्टिल ज्या राज्यात जन्म झाला त्याच राज्याचं लागतं. दोन्ही कागद एकाच कुरियरने मागवा.

पत्रावरचा तो सोनेरी शिक्का पाहिल्यावर टेबलामागच्या माणसाचा चेहराच बदलला. मजकूर त्याने वाचला की नाही कोण जाणे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी आली.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: सरकारी टेबलावर "नाही" हा शब्द उच्चारायचाच नाही. असेल तो कागद पुढे करायचा आणि म्हणायचं, "हाच आमच्याकडचा दाखला." खोटं काही बोलायचं नाही, पण त्यांच्या रकान्यात रिकामी जागाही सोडायची नाही. लाल पेनला जागा मिळाली की ती भरतेच.

आणि एक गोष्ट मला थेट ऑक्टोबरात कळली, तेव्हा डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. कलम ४ मध्ये वयाप्रमाणे वर्गात बसवण्याचंही आहे. तुमची शाळा विनाअनुदानित असेल तर कलम ५ चा आधार तितका नाही, हे लक्षात घ्या. आणि कायदा टेबलावर आपटू नका हो. अर्जाच्या तळाशी एक ओळ, "कलम ५ अन्वये तात्पुरता प्रवेश देऊन नाव पटावर घ्यावे, ही विनंती", एवढं पुरे. मुख्याध्यापकांनाही आधार मिळतो. बहुतेकदा त्यांना मदत करायची असते, पण हातात कागद नसतो.

पुढचा खड्डा आधारचा. मुलगी ओसीआय असेल तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय तिचं आधार निघत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही अट नाही, म्हणून आमचं दोघांचं लगेच झालं आणि मुलांचं थेट नाताळच्या सुमारास. तोवर शाळेचे क्लार्क दर सोमवारी फोन करायचे. मला राग यायचा. नंतर समजलं की शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, आधार जुळलेल्या पटावर ठरत होती, एकेक मूल मोजलं जात होतं. त्यांची धडपड नोकऱ्या वाचवायची होती. तुम्ही आल्याची तारीख दाखवणाऱ्या पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत आत्ताच शाळेत देऊन ठेवा आणि १८२ वा दिवस कॅलेंडरवर लिहून द्या. फोन थांबतात.

आता शिकवणी. माझं म्हणणं, निदान दिवाळीपर्यंत नको. आमची लेक चार वर्षं रविवारी तिकडच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत गेलेली, वाचता येत होतं, तरी इतिहासाच्या पुस्तकापुढे रडायची. आकडे तर भयंकर. एकोणसाठ म्हटलं की एकोणसत्तर लिहायची, आणि देवनागरी ९ पाहून हा उलटा सहा आहे का विचारायची. पण हे सुटतं. नाव पटावर चढल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, "काय राव, डब्यात परत पोळी-भाजी?" ते 'काय राव' कुठल्या शिकवणीत मिळत नाही. धाकट्याला काहीच झालं नाही. पहिलीत सगळीच नवीन असतात.

घरातलं एक विचारते, रागावू नका. "वर्षभर बघू, नाही जमलं तर परत जाऊ" असं मुलीसमोर बोलताय का? आम्ही बोलायचो. तिने मनात त्याचा अर्थ लावला की मैत्रिणी करण्यात काही अर्थ नाही. एका रविवारी दोघांनी बसवून सांगितलं की आपण इथेच राहणार आहोत. चिडली, दोन दिवस जेवली नाही धड, पण सायकल मागितली. नातेवाईकांच्या "परत का आलात? नोकरी गेली का?" ला मात्र इलाज नाही. मी "आईंना करमत नव्हतं" असं सांगायचे. सासूबाई मागून म्हणायच्या, "मला काय झालंय?"

जाता जाता दोन गोष्टी. परत आल्यावर एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) तसंच चालवायचं नसतं, बँकेला रहिवासी झाल्याचं कळवा. आणि पहिली एक-दोन वर्षं आरएनओआर (करासाठी रहिवासी, पण 'सामान्य रहिवासी' नाही, असा दर्जा) बसतंय का ते सीएकडून बघून घ्या, बाहेरच्या उत्पन्नाच्या करात फरक पडतो. आमचा पहिला सीए "ते सगळं नंतर बघू" म्हणाला होता, आम्ही सीए बदलला. ११० व्होल्टचा मिक्सर आणला असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या नादी लागू नका, देऊन टाका.

तुमची शाळा अनुदानित आहे का आणि मुलगी ओसीआय आहे का, तेवढं लिहा. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, पाठवते. त्यातला 'वर्तणूक' हा रकाना गाळू नका. एडिसनच्या प्रिन्सिपल बाईंना तो फार आवडला होता. त्यांनी तिथे चार ओळी लिहिल्या, आणि इथल्या क्लार्कने त्या खोडून "चांगली" असं लिहिलं.